सेन्सर बिघडलेला नाही

प्रश्न : अर्डुइनो उनोला एलएम-35 हा तापमानाचा सेन्सर जोडला आहे. आकडा 29.8 वरून एकदम 30.3 वर उडी मारतो, मधलं काही दाखवतच नाही. सेन्सर खराब आहे का? अँप्लिफायर लावू का?
– अकरावीतील विद्यार्थी, सातारा

उत्तर : सेन्सर ठणठणीत आहे, निर्धास्त राहा. एलएम-35 दर अंशाला 10 मिलिव्होल्ट देतो. म्हणजे 30 अंशांना 300. उनो मात्र 5 व्होल्टचे 1024 भाग करून मोजतो आणि एकेक भाग 4.88 मिलिव्होल्टचा, म्हणजे जवळपास अर्ध्या अंशाचा पडतो. तुझी उडी नेमकी तेवढीच आहे! पट्टीवर मिलिमीटरच्या खुणाच नसतील, तर दोष मोजल्या जाणाऱ्या पेन्सिलीचा नाही. म्हणून खुणा बारीक कर: प्रोग्राममध्ये ‘अ‍ॅनालॉग रेफरन्स’ची आज्ञा देऊन उनोचा अंतर्गत 1.1 व्होल्टचा संदर्भ निवड आणि गणितातला 5 बदल. पायरी दशांश अंशावर येईल. तो संदर्भ प्रत्येक चिपमध्ये 1.0 ते 1.2 व्होल्ट असू शकतो, तेव्हा एरेफ पिनवर मल्टिमीटरने मोजून तोच आकडा वापर. त्या पिनला बाहेरून व्होल्टेज मात्र देऊ नकोस.

अँप्लिफायरनेही हे साधेल, पण तो सिग्नलबरोबर तारेतली खरखरही वाढवतो. थर्मोकपल अंशाला जेमतेम 40 मायक्रोव्होल्ट देतो, तिथे त्याला पर्याय नाही. इथे गरज नाही. बारीक पायरी म्हणजे अचूकता, असंही समजू नकोस. एलएम-35 स्वतःच अर्ध्या अंशाने चुकू शकतो, त्यामुळे चांगल्या थर्मामीटरशी एकदा ताडून बघ.