देशांचे दूरध्वनी-संकेतांक : भूगोल व गणित यांचा समवाय पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी)

उद्देश.— जगातील देशांना दूरध्वनीचे संकेतांक कोणत्या तत्त्वावर वाटून देण्यात आले हे मुलांस समजावे, आणि संकेतांक म्हणजे मानाचा क्रम नव्हे ही गोष्ट त्यांच्या मनावर ठसावी.

साहित्य.— जगाचा नकाशा, अंक लिहिलेल्या चिठ्ठ्या.

प्रस्तावना.— खेड्यातील पुष्कळ घरांतील कोणी ना कोणी आज दुबईस किंवा मस्कतला नोकरीस असते. अमेरिकेचा संकेतांक १ आणि भारताचा ९१ हे मुलांच्या ध्यानात येते, आणि “मग आपला देश एक्याण्णवावा काय?” असा प्रश्न एखादे मूल विचारते. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्याचे उत्तर न मिळाल्यास आपला देश मागे आहे अशी चुकीची समजूत मुलाच्या मनात घर करून राहते. शिक्षकांनी याच प्रश्नापासून पाठास आरंभ करावा.

विवेचन.— पूर्वी परदेशी बोलावयाचे असल्यास दूरध्वनी केंद्रातील कर्मचारी जोडणी करून देत. ग्राहकाने स्वतःच अंक फिरवून परदेशाशी बोलावे अशी सोय करावयाची तर प्रत्येक देशास निराळा अंक हवा. हे काम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सल्लागार समितीने केले. १९६० साली युरोप व भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांसाठी एक यादी झाली. १९६४ साली सर्व जगासाठी योजना ठरली.

या योजनेत पहिला अंक जगाचा विभाग दाखवितो. १ उत्तर अमेरिका, २ मुख्यतः आफ्रिका, ३ व ४ युरोप, ५ दक्षिण व मध्य अमेरिका, ६ आग्नेय आशिया व ओशिआनिया, ७ त्या वेळचा सोव्हिएत संघ, ८ पूर्व आशिया, आणि ९ दक्षिण व पश्चिम आशिया. अमेरिका व कॅनडा यांची १९४७ पासूनच एक सामाईक क्रमांकयोजना होती, म्हणून दोघांस मिळून १ हा एकच अंक पुरला.

दुसरे तत्त्व लांबीचे. देशाचा संकेतांक व देशातील क्रमांक मिळून १२ पेक्षा अधिक अंक नसावेत असे त्या वेळी ठरले होते. पुढे ही मर्यादा १५ झाली. ज्या देशात दूरध्वनी पुष्कळ होतील, त्याचे अंतर्गत क्रमांक लांब होणार; म्हणून त्यास आखूड संकेतांक. भारतास ९१, पाकिस्तानास ९२, श्रीलंकेस ९४ असे दोन अंक मिळाले. नेपाळास ९७७ असे तीन. भारतातील भ्रमणध्वनीचा क्रमांक १० अंकी असतो; त्यात ९१ मिळविले की बरोबर १२ होतात, हे मुलांकडून मोजून घ्यावे.

तिसरे तत्त्व गणिताचे. यंत्राकडे अंक एकामागून एक येतात. ९ व १ आले की ‘भारत’ हे निश्चित झाले पाहिजे. म्हणून ९१ ने सुरू होणारा दुसरा कोणताही देशसंकेतांक असू शकत नाही. उलट, ९७ हा कोणासही न देता त्याचे तीन अंकी भाग केल्यामुळे ९७१ संयुक्त अरब अमिराती, ९७२ इस्राएल, ९७४ कतार असे अनेक देश त्यात सामावले. मराठी बोलणारी बेने इस्राएल कुटुंबे ९७२ मध्ये, तर मॉरिशसमधील मराठी मंडळी २३० मध्ये येतात.

इतिहास बदलतो तसे संकेतांकही बदलतात. पूर्व जर्मनीचा संकेतांक ३७ होता. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या, ४९ हा सर्वांचा राहिला, आणि मोकळ्या झालेल्या ३७ चे भाग करून ३७० लिथुएनिया, ३७१ लाटव्हिया, ३७२ एस्टोनिया अशी वाटणी झाली. १९७१ साली स्वतंत्र झालेल्या बांगला देशास ८८० मिळाला. त्याचे शेजारी ९ च्या विभागात असूनही तो ८ च्या विभागात आहे, हे नकाशावर दाखवावे.

उपक्रम.— एका मुलाने ‘दूरध्वनी केंद्र’ व्हावे. दुसऱ्याने चिठ्ठीवरील क्रमांकाचा एकेक अंक सावकाश वाचावा. देश निश्चित होताच ‘केंद्रा’ने हात वर करून नकाशावर तो देश दाखवावा. ९, ७ ऐकून जे मूल थांबते व पुढील ७ ऐकल्यावरच नेपाळ दाखविते, त्यास तत्त्व कळले असे समजावे.

व्यवहारातील सूचना.— पुण्यास देशातून दूरध्वनी करताना ०२० लावतात; परदेशातून करताना ९१ नंतर केवळ २० लावावे, आरंभीचे शून्य गाळावे. अडचणीच्या वेळी या एका शून्यामुळे घरी निरोप पोहोचत नाही, म्हणून हे मुलांनी घरी सांगावे.

स्वाध्याय.— (१) ९१५ हा संकेतांक एखाद्या देशास देता येईल काय? का? (२) २० हा इजिप्तचा संकेतांक आहे. मग ९१ नंतर २० लावल्यास घोटाळा का होत नाही? (३) एका विभागातील दहाही जोड्यांचे तीन अंकी भाग केल्यास किती संकेतांक मिळतील?

समारोप.— शेवटी पहिल्या प्रश्नाकडे वळावे. ९१ मधील ९ आपला प्रदेश सांगतो आणि १ आपणांस शेजाऱ्यांपासून निराळे ओळखवितो. तो क्रमांक म्हणजे घराचा पत्ता आहे, पंक्तीतील स्थान नव्हे, हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले म्हणजे पाठ सफल झाला.