बोलण्यापूर्वीची भाषा

मूल बोलू लागण्यापूर्वी त्याला पुष्कळ काही समजू लागलेले असते. नको असलेला घास पुढे आला की ते मान फिरवते, हवी असलेली वस्तू बोटाने दाखवते, निरोप घेताना हात हलवते. शब्द उच्चारण्यासाठी जीभ, ओठ व श्वास यांचा जो सूक्ष्म मेळ साधावा लागतो, तो त्याला अद्याप जमत नाही. हात मात्र त्याआधीच बऱ्याच अंशी त्याच्या ताब्यात आलेले असतात. तान्ह्या मुलांना खुणा शिकविण्याची कल्पना या साध्या वस्तुस्थितीवर उभी आहे.

१९८२ साली कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ लिंडा ॲक्रेडोलो यांना असे आढळले की, आपली सुमारे वर्षाची मुलगी फूल दिसताच हुंगल्यासारखे करते. ही खूण तिला कोणी शिकविलेली नव्हती. ती तिने स्वतःच योजिली होती. पुढे सुसान गुडविन यांच्या सहकार्याने त्यांनी अशा खुणांचा पद्धतशीर अभ्यास केला. शिकविण्याची रीत अगदी सोपी आहे. दूध पाजताना ‘दूध’ हा शब्द उच्चारायचा आणि त्याच वेळी धार काढल्याप्रमाणे मूठ उघडून मिटायची. शब्द व खूण यांची ही जोडी रोजच्या व्यवहारात पुनःपुन्हा कानांवर व दृष्टीस पडली, की काही आठवड्यांनी वा महिन्यांनी मूल आपल्या हाताने दूध मागू लागते.

अशा खुणांमुळे मूल लवकर बोलू लागते काय? आरंभीच्या निष्कर्षांनी आशा निर्माण केली होती. परंतु २००५ साली १७ अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा तसे ठामपणे म्हणण्यास पुरेसा आधार सापडला नाही. २०१३ साली इंग्लंडमध्ये ४० बालकांचा आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत मागोवा घेण्यात आला. खुणा शिकलेल्या व न शिकलेल्या मुलांच्या भाषाविकासात फरक दिसला नाही. फरक दिसला तो मातांमध्ये! खुणा शिकविणाऱ्या माता मुलाच्या निःशब्द हालचालींची अधिक दखल घेत होत्या, आणि त्याला स्वतः होऊन काही करू देण्याकडे त्यांचा कल अधिक होता. खूण ओळखण्यासाठी मुलाकडे पाहावे लागते. मुलालाही काही म्हणायचे आहे, हे गृहीत धरावे लागते. शिकविणारा येथे नकळत विद्यार्थी होतो.

मात्र हा अभ्यास स्पर्धेचा विषय होऊ नये. अशा वर्गांना जाणाऱ्या मातांच्या मनावर इतर मातांपेक्षा अधिक ताण असल्याचे २०११ साली इंग्लंडमध्येच आढळले. हा ताण वर्गांमुळे उत्पन्न झाला असे यावरून सिद्ध होत नाही. काळजी करणाऱ्या माताच अशा वर्गांकडे वळत असाव्यात. त्यांना मुलाच्या प्रगतीचे खोटे आश्वासन देणे अधिकच अनुचित ठरेल.

ऐकू येणाऱ्या मुलाच्या दृष्टीने खूण हा काही महिन्यांपुरता पूल असतो. शब्द आले की तो मागे पडतो. कर्णबधिर मुलाच्या बाबतीत मात्र सांकेतिक भाषा ही पुरी भाषाच आहे. कर्णबधिर माता-पित्यांची कर्णबधिर बालके हातांनी बोबडे बोल बोलतात, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. परंतु अमेरिकेतील पाहणीनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या माता-पित्यांच्या पोटी जन्मतात, आणि या माता-पित्यांपैकी बहुतेकांना ती भाषा अवगत नसते. तेथे खूण शिकणे हा हौसेचा भाग उरत नाही. मुलाला भाषा मिळावयाची असेल, तर ती आधी घरातील मोठ्यांच्या हातांत आली पाहिजे.