नाट्यपद : गाळावे कोणते, राखावे कोणते?

उत्सवाची तिथी जवळ आली की आपल्या देवस्थानच्या सभामंडपात नाटकाच्या तालमी सुरू होतात, आणि तालमींबरोबर एक जुना वादही सुरू होतो. पालखी देवळात परतून आरती-प्रसाद आटोपेपर्यंत मध्यरात्र होते. पहाटे पुन्हा देवाच्या स्नानपूजेची वेळ. एवढ्या अवधीत संगीत नाटक बसवायचे तर काही पदे गाळल्यावाचून गत्यंतर नसते. परंतु गाळावयाचे पद निवडताना आपण बहुधा नटाच्या गळ्याकडे आणि घड्याळाकडे पाहतो. ते पद नाटकात कशासाठी आले, हे पाहत नाही. तेवढ्यापुरताच विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाला, असे सामान्यतः मानतात. कानडी भागवत मंडळींचे खेळ त्यापूर्वी सांगलीत झाले होते व त्यांचा परिणाम भाव्यांवर झाला होता. भाव्यांच्या खेळांत पदे असत, पण ती म्हणे सूत्रधार. त्याने पदातून प्रसंग सांगावा आणि पात्रांनी आयत्या वेळी सुचतील ती भाषणे करावी, अशी रीत होती. दशावतारी खेळ पाहिलेल्या आपल्या मंडळींस ही रीत अनोळखी वाटणार नाही.

ही रीत मोडली ती बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी. हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. पारशी मंडळींचा संगीत खेळ पाहून मराठीत तसे नाटक करण्याचे त्यांच्या मनाने घेतले, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास 'शाकुंतला'चे पहिले चार अंक त्यांनी रंगभूमीवर आणले. आता पात्र स्वतःच बोलू लागले आणि स्वतःच गाऊ लागले. १८८२ साली 'सौभद्र' आले. त्याच सुमारास बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर किर्लोस्करांना लाभले व त्यांची सुभद्रा घरोघरी बोलण्याचा विषय झाली.

'सौभद्रा'त शंभराहून अधिक पद्ये आहेत, हे ऐकून आजचा दिग्दर्शक घाबरेल. पण त्यांतील पुष्कळशी दोन-चार ओळींची आहेत. साकी, दिंडी, कामदा हे कीर्तनात रुळलेले छंद. शिवाय लावणीच्या आणि कानडी पदांच्या चाली. श्रोत्यांच्या कानांना त्या आधीच परिचित होत्या, म्हणून लक्ष चालीत न गुंतता शब्दांकडे जाई. किर्लोस्करांचे पद्य हे पुष्कळदा निव्वळ संभाषण असते. एकाने पद्यात विचारावे, दुसऱ्याने गद्यात उत्तर द्यावे, असा तो ओघ आहे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी 'सौभद्रा'च्या तालमीत संहिता आमच्या हाती होती. मोठी, लोकप्रिय पदे राखून बारीकसारीक साक्या-दिंड्यांवर आम्ही खुशाल काट मारली. प्रयोगाच्या रात्री एका प्रवेशात दुसऱ्या पात्राने उत्तर दिले, पण प्रश्नच कोणी विचारला नव्हता! विंगेत उभे राहून आम्ही ते ऐकले. पुढच्या रांगेतील एका वृद्ध महाजनांनी तो गाळलेला प्रश्न बसल्या जागेवरून गुणगुणत पुरा केला. तीर्थरूपांनी सकाळी पूजेच्या वेळी एवढेच विचारले, "काल दिंडी कोणी खाल्ली?"

पुढे नाट्यपदाची प्रकृतीच पालटली. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांचे 'मानापमान' आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ठुमरी, कजरी अशा उत्तरेकडील गानप्रकारांचा सुगंध त्यांत आहे. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा मैफिलीतील बंदिशीच रंगभूमीवर अवतरल्या. गाणारे बालगंधर्व! ऑर्गन, सारंगी आणि तबला यांच्या संगतीत एक पद अर्धा अर्धा तास चाले, 'वन्स मोअर' झडत, आणि नाटक उजाडेपर्यंत लांबे. ज्यांनी शास्त्रीय गायन कधी ऐकले नसते अशा सहस्रावधी कुटुंबांच्या कानांवर राग पडले, हा लाभ लहान नव्हे. तथापि नाटक पदासाठी थांबू लागले, हेही खरे आहे. येथे पद गाळण्यापेक्षा त्याचा विस्तार आवरणे योग्य, असे आमचे मत आहे. दोन आलाप कमी केल्याने कथा तुटत नाही.

आमच्या गोमंतकातील मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांची बलवंत संगीत मंडळी १९१८ ची. त्यांच्या तडफदार ताना उत्सवी नटांनी अनुकरणार्थ घेऊ नयेत, एवढे सुचवून पुढे जातो. बोलपट आले, मंडळ्या बुडाल्या. तो इतिहास सर्वश्रुत आहे.

संगीत नाटकाने पुन्हा उभारी धरली ती १९६० नंतर. 'मत्स्यगंधा' (१९६४) व 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) यांचे संगीत मंगेशीच्याच पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. देवाला अभिषेक करणाऱ्या घराण्यातील हे गायक, म्हणून आम्हा पूजकाच्या मुलास त्यांचा किंचित अधिक अभिमान वाटतो. त्यांनी पद आटोपशीर केले आणि प्रसंगाशी घट्ट बांधले. 'कट्यारी'त तर दोन गायकींचा झगडा हीच कथा आहे. तेथील गाणे काढले तर उरेल काय?

यंदा पुन्हा 'सौभद्र'च ठरले आहे. तालमीपूर्वी प्रत्येक पद्याखालचे भाषण मोठ्याने वाचावे. वरचे पद्य झाकून ते भाषण निराधार वाटले, तर त्या पद्यास हात लावू नये. ज्यास गाता येत नसेल त्याने साकी नुसती लयीत म्हणावी, पण म्हणावी. ठरीव वाद्यमेळाच्या ध्वनिमुद्रणावर गाण्याचा बेत काही तरुण सभासदांनी मांडला आहे. तबलजी मिळत नाहीत ही त्यांची अडचण खरी आहे. परंतु नट अडखळला तर यंत्र त्याच्यासाठी थांबत नाही. निदान साक्या-दिंड्यांना तरी पेटी हाताने वाजावी, यासाठी आम्ही स्वतः रविवारी आरतीनंतर पेटी घेऊन मंडपात बसणार आहोत.