सद्ग्रंथवाचन आणि मनाची मशागत

आषाढांत मासवणच्या शिवारांत भाताची आवणी चाललेली आपण सर्वांनीं पाहिली आहे. राब भाजून तयार केलेल्या लहानशा जागेंत बीं पेरावयाचें, आणि रोप वाढलें म्हणजे तें खणून मोठ्या खाचरांत लावावयाचें, हा आपल्या शेतकऱ्याचा परिपाठ. सद्ग्रंथांच्या वाचनाचेंही तसेंच आहे. बालपणीं मनांत रुजलेला विचार पुढें आयुष्याच्या विस्तीर्ण शेतांत फळास येतो.

मुंबईच्या विल्सन हायस्कुलांत, म्हणजे आपल्या शाळेप्रमाणेंच मिशनने चालविलेल्या एका शाळेंत, कृष्णाजी अर्जुन केळुसकर नांवाचे विद्वान शिक्षक होते. ते चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसत. त्याच बागेंत एक विद्यार्थी पुस्तकांत गढून गेलेला त्यांच्या दृष्टीस पडे. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. दोघांचा परिचय झाला, व गुरुजी त्यास वाचावयास पुस्तकें देऊं लागले. पुढें भीमराव परीक्षेंत उत्तीर्ण झाल्याबद्दल भरलेल्या सत्कारसभेंत केळुसकरांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध झालेलें आपलें गौतम बुद्धाचें मराठी चरित्र त्यास भेट दिलें.

त्या पुस्तकानें मुलाच्या मनांत प्रश्न उत्पन्न केले. वडील घरीं रामायण-महाभारत वाचावयास लावीत. मग बुद्धाची ओळख त्यांनीं आपणांस कां करून दिली नाहीं, असें त्यानें त्यांस विचारलें. केवळ एका पुस्तकानें पुढील सर्व कांहीं घडविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. अस्पृश्यतेचे चटके आणि अनेक वर्षांचा व्यासंग हींही त्यामागें होतींच. परंतु १९५६ सालीं, ज्या वर्षीं नागपुरास त्यांनीं धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षीं, आपल्या अखेरच्या ग्रंथासाठीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत त्यांनीं ह्या भेटीचें स्मरण केलें. बालपणीं पेरलेलें बीं इतका काळ जिवंत राहिलें!

सुलिखित ग्रंथ मनासाठीं काय करतो, हें यावरून दिसतें. तो आयतीं उत्तरें देऊन थांबत नाहीं, तर नीट प्रश्न विचारावयास शिकवितो. त्यांतील विचार क्रमानें मांडलेले असल्यामुळें वाचकाच्या विचारांसही क्रम येतो. शिवाय मनांत जें अस्फुट असतें, त्यास तो शब्द देतो. मात्र पानें उलटणें म्हणजे वाचन नव्हे. रोज दहाच पानें वाचावीं, न समजलेला शब्द शोधावा, आणि पुस्तक मिटून त्याचें सार आपल्या शब्दांत वहींत लिहावें. जें असें लिहितां येत नाहीं, तें अद्याप आपलें झालेलें नाहीं असें समजावें.

पालकांसही एक विनंति आहे. भीमरावांचे वडील रामजी ह्यांस मुलाच्या पुस्तकांसाठीं पैसे कमी पडत, तेव्हां ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, आणि प्रसंगीं त्यांचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणीत. इतका त्याग आज सर्वांनाच करावा लागेल असें नाहीं. परंतु सायंकाळीं घरांत अर्धा तास शांतता राखणें, आणि मुलानें काय वाचलें तें आस्थेनें विचारणें, हें ज्यास स्वतः वाचतां येत नाहीं अशा मातापित्यांसही करतां येईल.

विद्यार्थीमित्रहो, आपल्या शाळेच्या ग्रंथालयांत कोणतें पुस्तक आपली वाट पाहत आहे, हें आज कोणासच सांगतां येणार नाहीं. तें कपाट उघडणें मात्र आपल्याच हातीं आहे.