पहिल्या पावसाचे पाणी दारात येते तेव्हा

मृगाचा पाऊस पडला की लेकरे अंगणात नाचतात. नाचू द्या. पण रस्त्यावरून वाहत येणाऱ्या पाण्यात त्यांना उतरू देऊ नका. उन्हाळाभर साचलेले शेण, गाड्यांचे ऑइल, उंदरांचे मूत, बांधकामाची माती हे सगळे पहिल्या एक-दोन पावसांत एकदम धुऊन येते.

मातीचा रस्ता बरेच पाणी पिऊन टाकायचा. आता कळसाडीसारख्या गावांतही काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकची मागणी असते. रस्ता हवाच, चिखल तुडवण्यात काही मोठेपणा नाही. पण गटार न काढता रस्ता उंच केला की पाणी उताराकडे धावते. आणि उताराला कोणाच्या वस्त्या असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

मुंबईचे उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तिथली जुनी पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटरच्या हिशोबाने बांधलेली, मिठी नदी भराव आणि बांधकामांनी आवळलेली. पाणी ओसरले आणि ऑगस्टमध्ये लेप्टोची साथ आली.

लेप्टोचे जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात येतात, पायाच्या भेगेतून किंवा जखमेतून शरीरात शिरतात. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी थंडी-ताप, डोकेदुखी, लाल डोळे. मी नोकरीत असताना एक मजूर आला होता. तीन दिवस तापाची साधी गोळी खात होता. पोटरीला हात लावला तर कळवळला. डोळे पिवळे, लघवी कमी. गुडघाभर पाण्यात उभे राहून गटार मोकळे केले होते, हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. त्याला तसाच मोठ्या दवाखान्यात पाठवला, म्हणून वाचला. तेव्हा डॉक्टरांकडे गेलात की "मी साचलेल्या पाण्यात उतरलो होतो" हे आधी सांगा. डॉक्सिसायक्लिन मनाने घेऊ नका. गरोदर बाई आणि लहान मुलांना तर नाहीच.

दुसरा धोका पिण्याच्या पाण्याचा. हातपंपाचा ओटा फुटला असेल तर हेच पाणी फटीतून खाली उतरते आणि जुलाब, कावीळ घरोघर जाते. टाकीत टीसीएल टाकले का, ओटी टेस्ट केली का, हे जलसुरक्षकाला रोज विचारा. शंका असेल तर पाणी उकळूनच प्या.

गटाराची मागणी १ मेच्या ग्रामसभेतच मांडा, जूनमध्ये खोदकाम होत नाही. रस्त्याच्या ठरावातच गटार, त्याचा उतार आणि पाणी शेवटी कुठे सोडणार, हे लिहून घ्या. "नाल्यात" एवढे उत्तर पुरेसे नाही, नाल्याकाठी विहीर आहे का ते बघा. घरातल्या सांडपाण्याला शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून गटारे आणि डास दोन्ही कमी केले. मात्र हातपंपापासून निदान ५० फूट लांब. रस्त्याचे पाणी तर हातपंपाजवळ मुरवूच नका.

आणि गटार साफ करायला कोणी बोलावले तर आधी गमबूट आणि हातमोजे मागा. मिळाले नाहीत तर उतरू नका.