जुन्या ट्रकचा वॉटर पंप का गळतो?

औशाहून लातूरकडे किंवा तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लांब नाकाचे जुने ट्रक आता क्वचितच दिसतात. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरला हे ट्रक बनू लागले. १९६९ पर्यंत करार चालला. तोवर ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. आजोबांचा असा एखादा ट्रक नातू हौसेने दुरुस्त करून घेतो, रंग देतो, नवीन ताडपत्री टाकतो. आणि पहिल्याच फेरीनंतर इंजिनाखाली पाण्याचं डबकं! आपला आजचा पाठ त्या डबक्याचा.

शेतातली पाण्याची मोटार तुम्ही पाहिलीच आहे. तिच्यातला फिरता पंखा मधून पाणी घेतो आणि जोराने कडेला फेकतो. ट्रकचा वॉटर पंपही अगदी तसाच. आपल्याकडचे मिस्त्री त्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. पट्ट्यावर तो फिरतो, गरम पाणी रेडिएटरकडे ढकलतो आणि थंड झालेलं परत इंजिनात आणतो. डिझेल जळून निघणाऱ्या उष्णतेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा या पाण्याला वाहून न्यावा लागतो.

आता खरी गंमत. पंपाचा दांडा एका बाजूला पाण्यात आणि दुसऱ्या बाजूला ग्रीस भरलेल्या बेअरिंगमध्ये. मध्ये राखणदार म्हणून सील. त्यात कार्बनची एक गुळगुळीत चकती दुसऱ्या कठीण चकतीवर घासत फिरते, आणि दोघींमध्ये पाण्याचा अगदी पातळ थर वंगणाचं काम करतो. म्हणजे जे पाणी अडवायचं, त्याच पाण्यावर सील जगतं! ‘एकच मिनिट चालू करून बघू’ म्हणून रिकाम्या रेडिएटरवर इंजिन चालवलं, की सील गेलं म्हणून समजा.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचंही तेच होतं. रबर कडक होतं, चकत्या क्षार-गंजाने एकमेकींना चिकटतात आणि पहिल्या फेऱ्यालाच ओरखडे पडतात. चालती गाडी गळत नाही आणि उभी गाडी गळते, याचं नवल वाटायला नको.

क्षार येतात कुठून? बोअरच्या पाण्यातून. त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट होतं. घरच्या हिटरवर बसतो तोच पांढरा थर. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात रेडिएटरला निवडून पाणी कोण घालणार? जे हाताशी असेल ते घातलं जातं, त्यात ड्रायव्हरची चूक म्हणवत नाही.

पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं. सील फाटलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. काही जण त्यात एम-सील भरतात किंवा स्क्रू ठोकतात. गळती थांबते, मालक खूश! पण आता पाणी बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं, दांडा डगमगू लागतो आणि एक दिवस पंखा रेडिएटरमध्ये घुसतो. शे-दोनशे किलोमीटरवर, भरल्या मालासकट.

मग करायचं काय? आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. झाकण दाब धरणारं असेल तर आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. वातावरणापेक्षा अर्धा बार दाब जास्त असेल तर उत्कलनबिंदू १११ अंशांच्या आसपास जातो. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

नंतर पंप पुसून कोरडा करा आणि इंजिन बंद असतानाच त्यावर खडूची पूड भुरभुरा. (फळ्याखाली पडलेली चालेल.) पाच-दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करा आणि ओला माग पाहा. जोडावर ओल दिसली तर गॅस्केट, नळीच्या तोंडाशी दिसली तर क्लिप. छिद्रातून माग निघाला तरच सील. पट्टा सैल करून पंखा हाताने हलवून पाहा. खडखड लागली तर बेअरिंगही बदलावं लागेल. पट्टा फार ताणू नका, त्यानेच बेअरिंग लवकर जातं.

नवीन सीलच्या चकतीला तेलकट बोट लावू नये. बसवण्याआधी रेडिएटर धुऊन घ्यावा, नाहीतर जुना गाळ नव्या सीलचाही घास घेईल. भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घालावं. कूलंट गोडसर पण विषारी असतं. सांडलेलं लगेच धुवा, कुत्री-मांजरं ते चाटतात.

पहिले काही दिवस रात्री पंपाखाली पुठ्ठा ठेवा. सुरुवातीला दोन-चार थेंब पडले तर घाबरू नका, चकत्या एकमेकींवर बसायला थोडा वेळ घेतात. पुठ्ठ्यावरचा डाग रोज लहान होत गेला तर ठीक. वाढत गेला तर पंप पुन्हा उतरवावा लागेल.