कबड्डीचे नियम आणि पालथी वाटी

एक वाटी घ्या आणि एक गोटी घ्या. वाटी सुलटी ठेवून तिच्यात गोटी सोडा. बोटाने ढकलली तरी ती डोलत डोलत पुन्हा तळाशीच येते. आता वाटी पालथी घाला आणि तिच्या माथ्यावर गोटी ठेवून पाहा. ठेवता आलीच, तर नुसत्या फुंकरीनेही ती घरंगळेल, आणि एकदा घरंगळू लागली की अधिकाधिक वेगाने दूर जाईल. पहिली अवस्था स्थिर संतुलनाची, दुसरी अस्थिर संतुलनाची. या वाटीचा कबड्डीशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि फार जवळचा आहे.

कबड्डी सात विरुद्ध सात अशी सुरू होते. चढाईपटूने एकाला बाद केले की समोर सहा उरतात. सहांची साखळी सातांहून दुबळी, म्हणून पुढचा गडी बाद होण्याचा संभव वाढतो. मग पाच, मग चार, आणि शेवटी लोण. जो मागे पडला तो मागे पडल्यामुळेच आणखी मागे पडतो. गोटी पालथ्या वाटीवर आहे! असा सामना लवकरच ठरून जातो आणि निकाल ठरला की प्रेक्षक चपला शोधू लागतात.

म्हणून कबड्डीचे नियम करणाऱ्यांचे मोठे काम म्हणजे ही वाटी सुलटी करणे. हुतूतूचे जुने प्रकार पाहिले म्हणजे हे पटते. 'गामिनी' प्रकारात बाद झालेला खेळाडू सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. ही शुद्ध पालथी वाटी. 'संजीवनी' प्रकारात आपण प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येतो, म्हणजे घरंगळणाऱ्या गोटीला परत वर ओढणारे काहीतरी आले. आजची कबड्डी याच संजीवनीवर उभी आहे. लोण झाले की प्रतिपक्षाला २ जादा गुण मिळतात, पण बाद झालेले सातही जण पुन्हा मैदानात येतात. गोटी उचलून परत मध्यावर ठेवावी तसेच हे.

आपल्या विदर्भाचा या खेळाशी जुना संबंध आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डीही होती. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. मात्र खेळाचे रूप झपाट्याने पालटले ते २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर. २०१७ च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरू बुल्स संघाचे 'घरचे' सामने नागपुरात, मानकापूरच्या क्रीडा संकुलात झाले. तुमच्या मोठ्या भावंडांपैकी काहींनी ते पाहिलेही असतील.

दूरचित्रवाणीसमोर बसलेला प्रेक्षक मोठा उतावळा प्राणी आहे. त्याच्यासाठी तीन नियम फार महत्त्वाचे ठरले. पहिला 'सुपर टॅकल'चा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना त्यांनी चढाईपटूला पकडले, तर एकाऐवजी २ गुण. समजा, तिघांना पकड साधण्याचा संभव चारात एकदा आहे. जुन्या हिशेबाने चार प्रयत्नांत सरासरी १ गुण मिळे, आता २ मिळतात. जणू त्यांची पकड दुप्पट मजबूत झाली. शिवाय समोर तिघेच दिसताहेत म्हणून बेधडक आत शिरणारा चढाईपटूही आता जपून पाऊल टाकतो. संघ जितका दुबळा, तितके त्याला सावरणारे बल अधिक. स्प्रिंग ताणली की ती जोराने परत ओढते, तसाच हा प्रकार. मला स्वतःला हा नियम सगळ्यांत बुद्धिमान वाटतो.

दुसरा नियम वेळेचा. एका चढाईला ३० सेकंद. सामना ४० मिनिटांचा, म्हणजे २४०० सेकंदांचा. प्रत्येक चढाईने पूर्ण वेळ खाल्ला तरी ८० चढाया होणारच. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलनेही २०२३ साली हेच केले. चेंडू फेकणाऱ्यापुढे घड्याळ लावले, धावपटू तळांवर नसतील तर १५ सेकंद, असतील तर २०. सामन्याची सरासरी लांबी एकाच हंगामात सुमारे २४ मिनिटांनी घटली.

तिसरा नियम रिकाम्या चढायांचा. आघाडीवरचा संघ नुसता मध्यरेषेजवळ रेंगाळून वेळ काढू शके. आता लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. याने रेंगाळणे थांबले का? पूर्णपणे नाही. पाण्याला एका बाजूने बांध घातला की ते दुसरीकडून वाट काढते. काही संघ दोन चढाया मुद्दाम रिकाम्या घालवतात आणि तिसरीसाठी खास तयारीचा गडी राखून ठेवतात.

आता दमाकडे वळू. 'कबड्डी कबड्डी' असा उच्चार एका श्वासात करणे नियमात आजही आहे. पण चढाईची लांबी पूर्वी फुप्फुसे ठरवत, आता घड्याळ ठरवते. फुप्फुसांचा हिशेब करून पाहू. मोठा माणूस पूर्ण श्वास घेऊन ४ ते ५ लिटर हवा बाहेर सोडू शकतो. बोलताना दर सेकंदाला साधारण ०.१५ लिटर हवा खर्च होते असे धरू. ४.५ भागिले ०.१५ म्हणजे बरोबर ३० सेकंद! पण हा हिशेब स्वस्थ बसलेल्या माणसाचा. पळणाऱ्या, झटापट करणाऱ्या शरीराला प्राणवायू अधिक लागतो, आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास घेण्याची ऊर्मी आवरत नाही. दम त्याआधीच संपतो. दम सुटला की नाही हे पंचाच्या कानावर अवलंबून असे आणि त्यावरून भांडणे होत. घड्याळ सगळ्यांना दिसते. भांडण मिटले हे चांगलेच, पण दम टिकवण्याची कला मागे पडली याची मला चुटपुट लागते.

मातीची जागा मॅटने घेतली, हा बदल मात्र मला सर्वांत खोल वाटतो. ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने आलेला चढाईपटू किती अंतरात थांबेल? वेगाच्या वर्गाला घर्षण गुणांक व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचे. भुसभुशीत मातीवर अनवाणी पायाचा घर्षण गुणांक ०.५ धरला तर २.५५ मीटर येतात. मॅटवर बुटांसह ०.९ धरला तर १.४२ मीटर. एका बाजूचे मैदान मध्यरेषेपासून अवघे ६.५ मीटर खोल असते, त्यात मीटरभराहून अधिक फरक म्हणजे केवढा! म्हणून मॅटवरचा खेळाडू चटकन वळतो. पण मातीवर पाय घसरतो आणि धक्क्याचा काही भाग त्या घसरण्यात जिरतो. मॅटवर पाय जागीच रुततो आणि शरीर वळत राहिले तर तो पीळ गुडघ्यावर येतो.

इथे शिक्षकांना एक सांगावेसे वाटते. खेड्यातल्या शाळेची मुले मातीवर घडतात, आणि वरच्या पातळीचा खेळ मॅटवर होतो. त्यांचे पाय वेगळ्या घर्षणाला सरावलेले असतात. मॅट महाग आहे, पण मुलांना स्पर्धेआधी निदान आठ-पंधरा दिवस जवळच्या संकुलातल्या मॅटवर बूट घालून वळण्याचा सराव करू द्यावा.

दमाचा प्रयोग वर्गातच करता येईल. दोघांची जोडी करा. एकाने शांत बसून एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणावे, दुसऱ्याने सेकंद मोजावेत. मग पहिल्याने मैदानाला एक फेरी धावून येऊन लगेच तेच करावे. दम्याचा त्रास असलेल्यांनी फक्त घड्याळ सांभाळावे, आणि कोणीही चक्कर येईपर्यंत ताणू नये. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. धावण्याने कोणाचा दम किती टक्क्यांनी घटला ते काढा आणि धावूनही ३० सेकंद टिकणारे वर्गात कितीजण निघतात ते पाहा.